दुसऱ्याच्या छातीचा तोंडपाटील

“मले विचारा ना, डाक्टर.”

पेशंट खुर्चीत टेकायच्या आधी हे वाक्य खोलीत शिरायचं. त्याच्यामागून बगलेत फाइल दाबलेला तो. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. दुखणं दुसऱ्याचं, तोंड याचं.

नागभीडजवळच्या आमच्या गावातून कोणीही दवाखान्यात निघालं की हा सोबत. सातवी नापास, पण बीपी, शुगर, हिमोग्लोबिन पाठ. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, बी.एस्सी. करून त्याच दवाखान्यात ईसीजी काढतो. तो मला भर रांगेत हाक मारायचा, “काऊन रे मशीनवाल्या, आज रेघा सरळ येऊन राह्यल्या का वाकड्या?” रांग हसायची. मला त्याची किळस होती, लपवत नाही.

एकदा त्याने आपल्या शेजारची सून आणली. बाळंत होऊन दीड महिना झालेला. पायांवर सूज, चार पावलं चालली की दम. घरचे बाळंतवात म्हणून शेक देत बसले होते. डॉक्टरांनी तिला विचारलं, झोपताना उशा किती लागतात? तिने तोंड उघडलं, तेवढ्यात हा बोलला, “एकच. मले माहीत आहे ना.”

हृदय कमजोर झालं की आडवं होताच दम कोंडतो आणि माणूस उशीवर उशी रचतो. म्हणून डॉक्टर उशा मोजतात. एक उशी म्हणजे तसं काही नाही. डॉक्टरांनी अशक्तपणा धरून रक्त तपासायला लिहिलं, आणि असू द्यावा म्हणून ईसीजी.

माझ्या टेबलावर ती आडवी झाली आणि लगेच उठून बसली. नर्सबाईंनी पुन्हा निजवलं, पुन्हा उठली. मी त्याला दाराबाहेर काढलं आणि तिला विचारलं, घरी कशा झोपता, वहिनी?

“झोपतो कुठी, भाऊ. धानाच्या पोत्याले टेकून बसून रायतो रातभर.”

“मग डॉक्टरांना सांगितलं काऊन नाही?”

“त्यायनं उशी विचारली ना.”

तसाच डॉक्टरांकडे धावलो. ईसीजीत संशय होता, एक्स-रेत हृदय मोठं दिसलं. खरं काय ते चंद्रपूरला इकोच्या पडद्यावर कळलं. हृदयाचा स्नायू सैल पडलेला, रक्त ढकलायची ताकद निम्म्याहून कमी. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, बाळंतपणाच्या आगेमागे काही बायकांचा हा स्नायू असा थकतो. औषधाने पुष्कळदा सावरतो. पण बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने सोडायची नाही, आणि विचारल्याशिवाय दुसरं मूल नाही.

ती घरी आली तेव्हा हा चौकात सांगत होता, “मी पहिल्या दिवशीच म्हणलो होतो, हार्टचं आहे.” मी सगळ्यांसमोर म्हणालो, “भाऊ, तुमच्या त्या एका उशीनं ती मेली असती.” त्याने फाइल या बगलेतून त्या बगलेत घेतली, एवढंच.

मागच्या उन्हाळ्यात तो मुलीकडे कोरपन्याला गेला आणि तिथेच वारला. खोटं कशाला बोलू, दवाखान्यात बरं वाटलं. पेशंट आपापलं दुखणं आपल्या तोंडाने सांगू लागले.

परवा ती सून आली, एकटीच. मी रिपोर्ट द्यायला डॉक्टरांच्या खोलीत होतो. पायांवर पुन्हा सूज. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या रोज घेता ना? तिने मागे दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मग हळूच म्हणाली, “ते फाइलवाले काका होते तवा घेत होतो. रोज सकाळी दारात येऊन उभे रायत. गोळी गिळल्याबिगर हालत नव्हते. सासू म्हणते, आता बरी हायेस, तं कायले पायजे.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याच गावचा, हे त्यांना माहीत आहे. तिचं घर माझ्यापासून तीन घरं सोडून आहे.