नोरीन आणि बेवनच्या कुरणातला कापूर

नोरीन पॅस्कोने बिस्किटांची बशी पुढे केली, की आधी तिने हात धुतलेत का ते विचारून घ्यावं. मी विचारते. तिला राग येतो, येऊ दे. जन्माची मैत्रीण असली म्हणून कोआलाच्या लेंड्या फोडलेल्या हातचं बिस्किट मी खाणार नाही.

आमच्या बिलांडा गावात शाळेची बस नोरीनच चालवायची. सकाळी एखादा कोआला रस्ता ओलांडायला निघाला, की ती बस थांबवायची, इंजिन बंद करायची, आणि ते गुबगुबीत ध्यान आपल्या चालीने पलीकडच्या झाडावर चढेपर्यंत पोरांना चूप बसवायची. मुख्याध्यापक उशिराबद्दल बोलले की म्हणायची, "मी काय करू? त्याला हॉर्न कळत नाही." पुढे पुढे बस रोज वेळेवर पोचायला लागली. मुख्याध्यापक खूश झाले आणि नोरीनची झोप उडाली.

तेव्हा तिने आम्हा रिकामटेकड्यांना गोळा केलं. दर वसंतात एका शनिवारी आम्ही ओढ्याकाठच्या निलगिरींखाली गुडघे टेकून पाला उपसतो. वर बघून नुसती मान मोडते, कोआला काही दिसत नाही. खाली त्याची लेंडी मात्र मिळते, खजुराच्या बीएवढी. ती फोडून हुंगायची. निलगिरीच्या तेलाचा वास आला तर कोआलाची, नाहीतर छपरावर धुडगूस घालणाऱ्या पॉसमची. कोआलाची निघाली तर फोटो काढून नगरपालिकेला पाठवायचा.

यंदा नगरपालिका कोआलांचा नकाशा नव्याने काढणार होती. ओढ्याकाठी ताजी खूण मिळाली नाही, तर ती पट्टी नकाशातून जाणार आणि तिथे घरं उठणार. गेली दोन वर्षं आमच्या हाती फक्त पॉसम लागला होता. नोरीन बोलायची नाही, पण तिने त्या आठवड्यात मला एकदाही टोमणा मारला नव्हता, त्यावरून मी काय ते ओळखलं.

तिचं दुसरं वेड म्हणजे कापराचं झाड. बाहेरून आणून लावलेलं, आता इथल्या झाडांच्या उरावर बसलेलं. दिसलं की ती ते मुळासकट काढायला लावते. ओढ्याला लागून बेवन ट्रजेनच्या कुरणात असा एक अवाढव्य कापूर आहे. गर्द सावली त्याचीच, म्हणून आमचं चहाचं टेबलही दरवर्षी त्याच्याच खाली मांडलेलं. नोरीन त्या सावलीत बसून, चहा पीत पीत त्याला शिव्या घालते. यंदा तिने बेवनला अखेर राजी केलं. बुंध्यावर लाल फुली मारून झाली होती आणि सोमवारी करवतवाला येणार होता.

शनिवारी सकाळपासूनच ऊन चावत होतं. आम्ही झाडामागून झाड तपासलं. बेवन गाई सोडून आला तो कुंपणाला टेकून बघत उभा राहिला.

"सगळा जन्म शेणात गेला माझा," तो म्हणाला, "पण हुंगायला कधी गाव नाही बोलावलं."

"तुझ्या शेणाला काय नकाशात जागा मिळणारे?" नोरीन खाली मान घालूनच म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

शेवटच्या झाडाखालीही पॉसमच निघाला. नोरीन गुडघ्यांवरचा पाला न झटकताच टेबलाशी येऊन बसली. "संपलं, डल्सी," ती मला म्हणाली. मला इतकं वाईट वाटलं, की हात धुतलेस का हे विचारायचंही राहून गेलं.

मी साय फेटून लावलेला स्पंज केक कापत होते. वरून टपटप काहीतरी पडलं. कापराची काळी फळं तिथे नेहमीच पडतात, त्यामुळे टेबल झटकायची आम्हाला सवयच आहे. नोरीनने न बघता हाताने दोन-तीन उडवून लावली. "मेलं हे झाड," म्हणाली, "सोमवारी सुटलो एकदाचे."

बेवनने केकचा तुकडा उचलला, तोंडाशी नेला आणि थांबला.

"डल्सी, केकमध्ये खोकल्याचं औषध घातलंयस का?"

"तुझी जीभ झडो," मी म्हटलं. माझ्या केकला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. "आण इकडे."

खरंच निलगिरीचा भपकारा येत होता. सायीत काहीतरी तपकिरी, लांबट रुतलं होतं. नोरीनने ते माझ्या बशीतून उचललं, फोडलं आणि नाकाला लावलं. मग तिने हळूच मान वर केली. आम्ही सगळ्यांनीच केली.

आमच्या डोक्यावरच्या गर्द पाल्यात, फांदीच्या बेचक्यात एक मादी टेकून बसली होती, पाठीला पिल्लू बिलगलेलं. पिल्लू जागं होतं आणि आमच्या केककडे बघत होतं.

नोरीनने फोन काढला, पण पहिल्या फोटोत तिचा अंगठा आला आणि दुसऱ्यात बेवनची टोपी. शेवटी नगरपालिकेला पाठवायचा फोटो बेवनने काढला. नोरीन रडत होती, आणि रडते हे कळू नये म्हणून सायीचं बोट चाटत होती. मी तिला ते करू दिलं.

"कापूर खायला लागली की काय ही?" बेवनने कुजबुजत विचारलं.

"खायला निलगिरीच लागते. खाऊन आली असेल कुठून तरी," नोरीन म्हणाली. "इथे सावलीला बसलीये. आपल्यासारखीच."

म्हणजे आम्ही भर उन्हात निलगिरींखाली पाला उपसत होतो, आणि बाई इथे थंडाव्याला. आणि आजवर आम्ही टेबलावरून जे झटकलं, ते सगळं फळंच होतं की नाही, देव जाणे. हा विचार नोरीनच्याही डोक्यात आला असावा, कारण तिने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

सोमवारी सकाळी करवतवाला आलाच. त्याला येऊ नको म्हणून सांगायचं बेवन विसरला होता, का मुद्दाम विसरला, ते त्यालाच ठाऊक. मी पोचले तर नोरीन झाडाच्या बुंध्याशी खुर्ची टाकून बसलेली, पायाशी भांडी घासायची घासणी. फुलीची नुसती तांबूस पुसट जागा उरली होती.

बेवन गालातल्या गालात हसत होता. "अगं, इतकी वर्षं शिव्या घातल्यास ना ह्या झाडाला?"

"घातल्या," नोरीन म्हणाली. "तुलाही घालते. तुला तोडलं का कुणी?"