मास्तरांचं नजरेचं माप

आमचे शिंपीमास्तर टेप लावतात ती केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. खरं माप त्यांनी तुम्ही दुकानाची पायरी चढतानाच घेतलेलं असतं. माझं पोट सुटल्याचं माझ्या बायकोच्याही आधी त्यांना कळलं होतं. जुनी पँट आता आठवण म्हणून ठेवा, म्हणाले.

स्वतःच्या लेकीला तर त्यांनी जन्मात टेप लावली नाही. सतराव्या वर्षी ती भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे मागू लागली, तेव्हा मास्तर हरखले. पोरीला वळण आहे, असं चारचौघांत सांगितलं. वर्षभरात नऊ ड्रेस शिवले, मनगटाला घट्ट कफ, दोन-दोन बटणं. मग कॉलेजातून बाईंचा फोन आला. पोरगी वर्षभर स्वतःला इजा करून घेत होती.

"मीच झाकून दिलं की हो," मास्तर मला म्हणाले. "कफ लावून."

मग ते रोज सकाळी तिला बाही वर करायला लावू लागले. लेकीनं बोलणं टाकलं. बाप दिसला की ती खोलीत, आणि दोघांच्या मध्ये आई ताट घेऊन उभी.

लेकीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना अशाच घरांतल्या पालकांच्या बैठकीला धाडलं. दर मंगळवारी, बालवाडीच्या वर्गात. खुर्च्याही बालवाडीच्याच, आठ आईबाप, गुडघे हनुवटीला टेकलेले. बसल्याबसल्या मोठेपणा उतरतो, असं मास्तर सांगत. तिथं एक बस चालवणारी बाई म्हणाली, मीही रोज तपासायचे. त्यानं पोरगं लपवण्यात पटाईत झालं, एवढंच. आता नुसती शेजारी बसते.

मास्तरांनी तपासणं सोडलं. संध्याकाळी लेकीच्या दाराशी बसून काजं करू लागले. दार कधी उघडं, बहुतेकदा बंद. मध्ये एकदा तिनं पुन्हा इजा करून घेतली, दवाखाना झाला. घरी आल्यावर मास्तर परत दाराशी, सुईदोरा घेऊन.

परवा ती बाहेर आली, त्यांच्याजवळ बसली आणि मांडीवर कापड टाकलं.

"बाबा, याच्याही बाह्या पूर्णच ठेवा."

"ठेवतो."

"पण नजरेनं नको. टेप लावून घ्या."

हात तिनं आपणहून पुढे केला. मास्तरांनी बाही न सारता, वरूनच, खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरली. पस्तीस वर्षं दुरून मापं ओळखणाऱ्या माणसाला समोरचा आकडा काही दिसेना. शेवटी लेकीनंच वाचून सांगितला.