बाळारामशेठचा बारावा महिना

माझ्या आईने अकरा वर्षांत एकाही भिंतीत खिळा ठोकला नाही. घर भाड्याचं, आणि दर अकरा महिन्यांनी बदलायचं. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत हेल्पर होते. उल्हासनगर कॅम्प चार, मग अंबरनाथ पश्चिम, मग पूर्व, मग पुन्हा कॅम्प. मालक बदलला तरी वाक्य तेच, "अकरा महिने झाले, आता दुसरीकडे बघा." भांड्यांचे खोके आई पूर्ण उघडायचीच नाही. कॅलेंडर दाराच्या कडीला लटकवायची. दार लावलं की ते खाली पडायचं. मी तीन शाळा बदलल्या.

मग कॅम्प तीनमध्ये लाजवंती आंटींची खोली मिळाली. सिंधी बाई, एकट्या राहायच्या, आवाज मोठा. अकरावा महिना आला तेव्हा आईच त्यांना विचारायला गेली, कधी निघू म्हणून. आंटी म्हणाल्या, "बेटी का कॉलेज पूरा होने दो. तब तक सामान मत बांधना." तिथे आम्ही सहा वर्षं राहिलो. मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

आता मी बदलापूरला एका छोट्या फर्ममध्ये काम करते. आमचं काम लोकांना पटकन कळत नाही. ज्यांनी घर किंवा गाळा भाड्याने दिलाय आणि तो विकावा की ठेवावा हे ठरत नाही, अशा मालकांना आम्ही सल्ला देतो. कागद तपासतो, जागा बघतो, रिपोर्ट देतो. फी फक्त रिपोर्टची. सौदा झाला तरी तेवढीच, मोडला तरी तेवढीच. आमचे देसाई सर म्हणतात, "टक्केवारी घेतली असती तर आपला प्रत्येक रिपोर्ट 'विका' असाच निघाला असता."

सोनिवलीचे बाळाराम भोईर आमच्याकडे आले ते साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन. पिशवीत भाडेकरारांचा गठ्ठा. गावातली त्यांची जमीन बिल्डरकडे गेली होती, बदल्यात दोन फ्लॅट आणि थोडे पैसे मिळाले. पैसे घर बांधण्यात आणि मुलींच्या लग्नात गेले. जमिनीचं म्हणून जे काही उरलं होतं ते हे दोन फ्लॅट. नवरा-बायकोचं म्हातारपण त्यावरच.

"दोनी इकून टाकायचेत," ते म्हणाले. "भाड्यात काय दम नाय."

"का शेठ, भाडं वेळेवर येत नाही?"

"येतं. पन भाडेकरूच बदलत राहतात. डोक्याला ताप."

ते गेल्यावर सर म्हणाले, "माणूस ठरवून आलाय. दोन पानांत आटप."

"सर, एकदा जागेवर जाऊन येते."

"जा. पण त्यांच्याकडे जेवायला बसलीस तर दिवस गेला समज."

आधी कागद बघितले. सहा वर्षं, दोन फ्लॅट, सगळे करार अकरा महिन्यांचे, आणि प्रत्येकावर नवं नाव. एकही भाडेकरू दुसऱ्यांदा दिसत नव्हता. दर वेळी नवा माणूस शोधा, रंग काढा, एजंटला दलाली द्या. वर्षातला महिना-दोन महिना फ्लॅट रिकामा. भाडं परवडत नव्हतं कारण भाडेकरू टिकत नव्हते, आणि ते टिकत नव्हते कारण शेठच त्यांना काढत होते.

फ्लॅट बघायला गेले. एकात रेखाताई राहत होत्या. हॉस्पिटलमध्ये नर्स, मुलगी दहावीला. घर स्वच्छ. भिंती कोऱ्या. घड्याळ फ्रिजवर, तेलाच्या डब्याला टेकवून ठेवलेलं.

"घड्याळ लावलं नाही?" मी विचारलं.

"खिळा कशाला ठोकायचा मॅडम? जानेवारीत अकरा महिने भरतात, शेठनी निघायला सांगितलंय. मार्चमध्ये हिची परीक्षा. दुसरीकडे बघतेय." कोपऱ्यात तीन खोके होते, चिकटपट्टी न काढलेले.

मी फक्त मापं घेतली आणि निघाले.

शेठच्या घरी लॅपटॉप उघडला. ग्रॅज्युएट माणूस, एक्सेल तर दाखवणारच. रिकामे महिने लाल रंगात केले होते. शेठनी सगळं शांतपणे बघितलं.

"बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "पन इकायचं."

मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा मान डोलावली. "पन इकायचं."

तेवढ्यात काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली. सरांचं आठवलं, पण वास सुटला होता. जेवायला बसले.

"पोरी, तुझा कम्प्युटर लय हुशार हाय," काकी म्हणाल्या. "पन याचं दुखनं त्याच्यात नाय. सांगा की हो तिला. बारावा महिना जवल आला का तुमच्या घशाखाली घास उतरत नाय, ते सांगा."

शेठनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"आमचा बापूस कूळ होता," ते म्हणाले.

कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. जुन्या कायद्याने अशा कसणाऱ्यांना जमिनीची मालकी मिळाली. आमच्या भागातल्या कितीतरी घरांचा सातबारा तिथून सुरू होतो.

"जमीन कल्यानच्या मालकाची. बापूस कसत राह्यला, कसत राह्यला. कायदा आला, बापसाचा नाव लागला. बापूस सांगायचा, तो मालक शेवटचा बांधावर आला तवा आमच्या घरचा पानीबी नाय प्यायला. आमी असे मालक झालो. मग फ्लॅटात बसलेला मानूस उद्या तसाच मालक झाला तर? सगला गाव बोलतो, बारावा महिना लागला का हक्क लागतो."

आईला खोके उघडू न देणारे सगळे मालक मला आजवर दगड वाटत आले होते. ते घाबरलेले असतील, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

लॅपटॉप बंद केला. "शेठ, कूळ कायदा शेतजमिनीचा. फ्लॅटला तो नाही. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे राहायची नुसती परवानगी. अकरा महिने द्या नाहीतर तीन वर्षं द्या, परवानगीच राहते. करार मात्र रजिस्टर पाहिजे."

"आनि नाय निघाला तर?"

"रजिस्टर करार असेल तर जागा खाली करून घ्यायला कायद्यात वेगळी सोय आहे. वेळ जाईल, चकरा पडतील. पण तो मालक होणार नाही. तुमचा खरा धोका दुसराच आहे. या गठ्ठ्यातले तीन करार एजंटने नुसते नोटरी केलेत, रजिस्टर केलेच नाहीत. भांडण झालं असतं तर ते कागद कामाला आले नसते."

शेठनी काकींकडे बघितलं. "म्हंजे ज्याला घाबरायचा त्याला नाय घाबरलो."

"तुमी लग्नापासून असेच," काकी म्हणाल्या.

"हे लिहून देशील?" शेठनी मला विचारलं.

"देते."

"मराठीत दे. इंग्रजी कागदावर आमच्या बापसानी अंगठाबी नाय दिला."

आमचे रिपोर्ट इंग्रजीत जातात. सरांना विचारलं तर म्हणाले, "दिवस जेवण्यात घालवलास, आता दुसरा भाषांतरात घालव." पण त्यांनीच वकिलांकडून एकेक कलम तपासून घेतलं, आणि सही करताना म्हणाले, "पहिल्यांदाच आपला रिपोर्ट माझ्या आईला वाचून दाखवता येईल." शेवटची ओळ होती: दोन्ही फ्लॅट ठेवावेत, करार रजिस्टर करावेत, चांगला भाडेकरू काढू नये.

शेठनी तो रिपोर्ट देवळाच्या ओट्यावर वाचून घेतला म्हणे. पुढे त्याच गावातून आणखी चौघे आले. त्यातल्या एकाला मी विकायला सांगितलं, कारण त्याच्या बिल्डिंगचे कागदच धड नव्हते. सगळ्यांना एकच औषध नसतं.

रेखाताईंचा करार डिसेंबरातच झाला, तीन वर्षांचा, रजिस्टर. मुलगी त्याच घरातून दहावीला बसली. निकालानंतर पेढे द्यायला त्या ऑफिसात आल्या आणि मला घरी घेऊन गेल्या. घड्याळ भिंतीवर होतं. खिळा शेठनी स्वतः येऊन ठोकला होता. जरा वाकडा आहे.

त्यातला एक पेढा मी लाजवंती आंटींना नेऊन दिला. सगळं सांगितलं. त्यांना यात विशेष काही वाटलं नाही. "अच्छा किरायेदार कोई निकालता है क्या?" म्हणाल्या, आणि दुसरा पेढा मागितला.

मालक विकायला आला की मी आता एक्सेल उशिरा उघडते. आधी विचारते, भीती कसली वाटते. आणि कोणी जेवायला वाढलं तर जेवते.

दोन्ही फ्लॅट आजही बाळाराम भोईर यांच्या नावावर आहेत, आणि दोन्हींत बारावा महिना कधीच उलटून गेलाय.