तीन दुर्बिणी आणि यूलकाची गाय

लुदविक स्तेर्ले एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवत आला होता आणि एकदाही त्याने पोरांना उशीर होऊ दिला नव्हता. स्नेझनिक डोंगराच्या पायथ्याची वळणं, जानेवारीतला बर्फ, मधूनच रस्त्यात येऊन उभं राहणारं अस्वल, सगळ्यातून वाट काढत त्याची बस सात वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या दारात हजर असायची. पण बसमधून खाली उतरला की या माणसाची घड्याळाशी फारकत व्हायची. कुठलीही गोष्ट निवडायची म्हटली की त्याचं घोडं पेंड खायचं. घरातल्या शेकोटीला हिरव्या फरश्या लावायच्या की तपकिरी, हे ठरवण्यात त्याने दोन हिवाळे घालवले, आणि ते दोन्ही हिवाळे त्याची बायको रेझ्का हिने अंगावर दोन-दोन लोकरी कोट चढवून काढले. लग्नाच्या वेळी ती जास्त हुशारीने वागली होती. लग्न करायचं का, असं तिने विचारलंच नाही. या शनिवारी की पुढच्या, एवढंच विचारलं. त्यालाही त्याने तीन दिवस घेतले.

अशा माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी रायफलसाठी नवी दुर्बीण घ्यायची वेळ आली. जुनीच्या पोटात ओल शिरली होती. तिच्यातून पाहिलं की भर दुपारीसुद्धा हरीण धुक्यात उभं दिसायचं. आणि खरी अडचण अशी, की लुदविकची रायफल एक आणि शौक दोन. शनिवारी तो जुन्या दगडखाणीतल्या मैदानावर तीनशे मीटरवरच्या कागदावर नेम धरायचा आणि बाकी दिवशी संध्याकाळी रानाच्या कडेला मचाणावर बसायचा. कागद लांब असतो, पण उन्हात असतो आणि हलत नाही. हरीण जवळ असतं, पण अंधार पडताना येतं आणि येऊन थांबेलच असं नाही. दोघांना एकच दुर्बीण कशी पुरायची?

गावच्या शिकारी मंडळात सल्ल्यांना तोटा नव्हता. मंडळाचा म्होरक्या नात्से, सत्तरीचा, भरघोस मिशांचा. त्याचं म्हणणं, दुर्बीण आठ पटींचीच हवी, त्याच्या बापाचीही आठच होती. खाणीतले नेमबाज त्याला हसायचे. पंचवीस पटींच्या खाली घेतलीस तर कागदावरचं भोक तरी दिसेल का, असं ते विचारायचे. एकाच्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण होता. रायफलच्या धक्क्याने दुर्बिणीची कड डोळ्यावर आदळली होती त्याच्या. तो बिचारा पटींच्या भानगडीत पडलाच नाही, काच डोळ्यापासून चार बोटं लांब ठेवता येईल अशी घे, एवढंच म्हणाला. लुदविकने सगळ्यांचं ऐकलं, सगळं वहीत उतरवलं आणि त्याचा गोंधळ चौपट झाला. नोव्हेंबरपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग साचत गेला. पाव खिडकीत गेला, मग मिठाची बरणीही गेली.

एप्रिल संपत आला तेव्हा पोस्तोयना शहरातल्या बंदुकांच्या दुकानदाराने हात टेकले. त्याने दोन दुर्बिणी खोक्यात भरून लुदविकच्या हातात दिल्या. "स्तेर्ले साहेब, आठवडाभर घरी न्या, बघा, पारखा. एक ठेवा, एक परत आणा. पण आता प्रश्न घेऊन येऊ नका."

एक होती पाच ते पंचवीस पटींची, हातभर लांब, वजनाला वरवंट्यासारखी. दुसरी तीन ते अठरा पटींची, जरा बेताची. तिसरी, आठ पटींची, नात्सेने हट्टाने आपल्या रायफलवरून उतरवून पाठवली होती.

रेझ्का इतके महिने गप्प होती. तिने तीस वर्षं जमीनमोजणी खात्यात काढली होती. काचेतून लांबचं बघणं हाच तिचा धंदा. पण नवऱ्याने विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं. आता मात्र तिने माळ्यावरची मोजणीची जुनी, तीन पायांची तिकाटणी उतरवली, ओसरीत मांडली आणि दुर्बिणी एकामागून एक तिच्यावर बसवून द्यायला लागली. ओढ्यापलीकडे शेजारीण यूलकाचं कुरण होतं आणि कुरणात तिची गाय चरत होती.

"तिच्या कानातला पिवळा बिल्ला वाच," रेझ्का म्हणाली.

पाच वाजता पंचवीस पटींवाली सगळ्यांना पुरून उरली. लुदविकने बिल्ल्यावरचा आकडा वाचला, वर बसलेली माशीही पाहिली. गाय तापलेल्या हवेत जरा उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखी थरथरत होती खरी, पण लुदविकला त्याचं काय! त्याच्या मनाने जवळजवळ घेतलंच होतं. मग सूर्य डोंगरामागे गेला. आठला वीस मिनिटं असताना त्याने पुन्हा त्याच काचेला डोळा लावला, तर गायीच्या जागी काळं पोतं दिसलं. तेवढ्यात ते पोतं दोन पावलं सरकलं. लुदविक त्याला शोधत राहिला. त्याला कुंपणाचा खांब सापडला, बादली सापडली, एकदा तर नुसतं आभाळ सापडलं. गाय काही सापडली नाही.

"पुढची काच छप्पन्न मिलिमीटरची," रेझ्का म्हणाली. "तिला पंचवीसने भाग. मागून डोळ्यात येतो तो उजेडाचा ठिपका दोन मिलिमीटरचा. अंधारात तो पुरतो होय?"

"मग आठवर आणू?"

"आण. सात मिलिमीटर होईल. पण आपल्या वयात डोळ्याची बाहुली पाचाच्या पुढे उघडत नाही, तेव्हा वरचं वाया."

लुदविक बायकोकडे बघतच राहिला. "हे तू मला नोव्हेंबरात का नाही सांगितलंस?"

"तू नात्सेला विचारत होतास ना."

एवढ्यात यूलका हातात दाताळं घेऊन ओढा ओलांडून आली. दोन तास आपल्या गोठ्याकडे रोखलेल्या काचा ती बघत होती. "काय चाललंय हे? माझ्या घरात बघण्यासारखं काही असतं तर मी तिकीट नसतं लावलं?"

सगळं समजावून सांगितल्यावर तिला उलट चेव आला. गाय कसली दाखवताय, म्हणाली, मी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून आणते. मग उजेड जाईपर्यंत यूलका कुरणात मोठ्या, मधल्या आणि बारीक अक्षरांचे पुठ्ठे धरून उभी राहिली. लुदविक ओसरीतून अक्षरं ओरडायचा आणि चुकला की ती पलीकडून दाताळं हलवायची. बारीक अक्षरं सगळ्यात शेवटपर्यंत वाचता आली ती बेताच्या दुर्बिणीतून, आठ पटींवर ठेवल्यावर; आठवर आणलेली मोठीसुद्धा तिच्या मागे पडली. नात्सेचीही जवळपास तशीच होती, पण तीनशे मीटरच्या कागदाला ती कमी पडली असती.

शेवटी यूलकाने आपलाही डोळा लावायचा हट्ट धरला. तिने दुर्बीण कुरणावरून गोठ्याकडे फिरवली आणि तिथेच रोखून धरली. गोठ्यामागे तिचा नवरा ओंजळीत सिगारेट लपवून ओढत होता. फेब्रुवारीत सोडली म्हणून दर रविवारी तो तिच्याकडून सफरचंदाचा रोल वसूल करत होता.

"लुदविक, हीच घे," दाताळं उचलत यूलका म्हणाली. "हिच्यात खोटंसुद्धा दिसतं."

लुदविकने दोन दिवस विचार केला आणि तीच घेतली.

जूनमधल्या खाणीतल्या स्पर्धेत तो एकोणीस जणांत पाचवा आला. त्याच्या मानाने हे फारच झालं. तीनशे मीटरला गोळी खाली पडते, म्हणून दुर्बिणीवरची फिरकी चौदा खटके वर फिरवायची असते. तेवढी त्याने मोजून फिरवली. मात्र स्पर्धेनंतर बियर पिताना आणि पाठीवर थापा घेताना ती परत शून्यावर आणायची, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी तो मचाणावर बसला. एकशेतीस मीटरवर एक नर हरीण बाहेर आलं आणि आडवं उभं राहिलं. काचेत त्याच्या कानाची लव दिसत होती. लुदविकने श्वास सोडला, चाप ओढला. गोळी हरणाच्या पाठीवरून गेली. हरणाने मान वर केली, त्याच्याकडे जरा रागानेच पाहिलं आणि चालत रानात गेलं. पळण्याइतकं महत्त्वसुद्धा त्याने दिलं नाही. लुदविक खाली उतरून कंदिलाच्या उजेडात रक्त, केस, काही सापडतंय का हे तासभर शोधत राहिला. काही सापडलं नाही. मग त्याने फिरकीवरचा आकडा पाहिला आणि तिथेच गवतात बसला.

मंडळात त्याने दोष वाऱ्यावर ढकलून पाहिला. पण त्या संध्याकाळी झाडाचं पान हललं नव्हतं, हे नात्सेला ठाऊक होतं. मंडळाच्या जुलैतल्या जेवणावेळी रीतसर शिकाऱ्यांचं कोर्ट बसलं. नात्से न्यायाधीश, साक्षीदार खुद्द रेझ्का. शून्य न बघता काम सुरू केलं तर आमच्या खात्यात साहेब काय म्हणायचे, हे तिने शपथेवर सांगितलं, आणि ते शब्द ऐकून न्यायाधीशसुद्धा लाजला. शिक्षा झाली दहा किलो कांद्यांची. मटणाच्या रश्शासाठी ते सगळे कांदे लुदविकने एकट्याने सोलले आणि डोळ्यांतलं पाणी कांद्याचंच आहे, असं प्रत्येकाला सांगत राहिला.

घरी आल्यावर रेझ्काने नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली काढली आणि फिरकीच्या शून्यावर एक बारीक रेघ ओढली. "ती रेघ समोर दिसली तरच चाप."

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी नात्से त्याच्याबरोबर मचाणावर होता. नर हरीण ओढ्याच्या अंगाने आलं, दुसरंच, म्हातारं, एका शिंगाचं टोक तुटलेलं. लुदविकने आधी अंगठ्याने फिरकी चाचपली, मग खाली वाकून लाल रेघ पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली. नात्सेच्या मिशा अधीरतेने हलायला लागल्या. पण हरीण चरत राहिलं, आणि एका गोळीत जागेवरच कोसळलं. नात्सेने रिवाजाप्रमाणे हरणाच्या तोंडात हिरवा पाला ठेवला, टोपी काढून उभा राहिला, मग फरच्या झाडाची एक डहाळी मोडून लुदविकच्या हातात दिली. "शिकार लाभली तुला," तो म्हणाला. रात्री कांद्यावर परतलेली कलेजी झाली.

सोमवारी सकाळी लुदविक बस चालवायला गेला तो टोपीत ती डहाळी खोचून. पुढच्या बाकावरच्या एका चिमुरडीने विचारलं, डोक्यावर झाड का उगवलंय? तो म्हणाला, पाणी घालतो रोज म्हणून. सात वाजून दहा मिनिटांनी बस शाळेच्या दारात लागली. डहाळी मात्र त्याने पुढे तीन आठवडे काढली नाही. तिची सगळी सुईसारखी पानं स्टिअरिंगवर गळून पडेपर्यंत.