शेल्टरच्या किचनमधलं गाऱ्हाणं

"मी बाथरूमात घसारलंय," वैशाली म्हणाली. हॉस्पिटलच्या डॉक्टरला तिने हेच सांगितलं होतं, पोलिसांनाही हेच. घसरून मनगट मोडू शकतं, हे मला मान्य आहे. पण घसरलेल्या माणसाच्या दंडावर चार बोटं उमटत नाहीत.

मी बहारीनमधल्या एका शेल्टरमध्ये काउन्सेलर आहे. शेल्टर म्हणजे घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी तात्पुरतं घर. त्याचा पत्ता कुणाला सांगत नाहीत. काउन्सेलरचं काम ऐकून घेण्याचं. समजूत घालण्याचं नव्हे. हा फरक माझ्या सासूबाईंना अजून पटलेला नाही.

वैशाली कुडाळजवळच्या एका खेड्यातली. नवरा एसी मेंटेनन्समध्ये सुपरवायझर, घर हमद टाउनला. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरला तिच्या घसरण्याबद्दल शंका आली, म्हणून ती आणि तिची सहा वर्षांची पूर्वा आमच्याकडे पोचल्या. आता अडचण सरळ होती. नवऱ्याला तिच्यापासून लांब ठेवायचं तर प्रोटेक्शन ऑर्डर हवी. ती मिळवायची तर सरकारी वकिलांच्या ऑफिसातल्या महिला अधिकाऱ्यापुढे तिने काय घडलं ते स्वतः सांगायला हवं. अधिकारी गुरुवारी येणार होती. वैशालीने तिलाही बाथरूमचीच गोष्ट सांगितली असती, तर मायलेकींना परत हमद टाउनला पाठवण्याखेरीज आमच्या हातात काही उरणार नव्हतं.

आमच्या डायरेक्टर मरियम मॅडम बहारिनी. हुशार, भल्या, आणि प्रत्येक नव्या शब्दावर मनापासून प्रेम करणाऱ्या. मी वैशालीला बोलतं करू शकत नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं.

"पण ती तुमच्याच कम्युनिटीतली आहे ना?"

"एकाच राज्यातली आहे, मॅडम."

"मग?"

मग काय सांगणार? परदेशातून पाहिलं की पुणं आणि कुडाळ एकमेकांना खेटून दिसतात. माझं पुण्याचं मराठी ऐकून वैशाली पाठ ताठ करून बसायची. शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढे बसावं तशी. मी विचारायचे, "तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" ती म्हणायची, "काय वाटाचा, म्याडम?" पूर्वाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. तिला काही विचारलं की ती आईकडे बघायची आणि म्हणायची, "आय डोंट नो."

त्याच आठवड्यात मोठ्या हॉटेलात आमचं ट्रेनिंग होतं. विषय होता 'कल्चरली सेफ सपोर्ट'. साध्या भाषेत, मदत घ्यायला आलेल्या बाईला तिची भाषा, तिची माणसं, तिच्या रीती दाराबाहेर काढून ठेवायला लागू नयेत अशी मदत. स्टेजवर फुलं होती, मागे बॅनर होता, आणि बॅनरवर हसऱ्या बायका होत्या. आमच्याकडे आलेल्या बायका पहिले काही आठवडे तरी तशा हसत नाहीत. उद्घाटनाची भाषणं इतकी लांबली की पहिलं सत्र थेट जेवणात विलीन झालं.

ट्रेनर मात्र वेगळी निघाली. ग्लेनिस, ऑस्ट्रेलियातली मूलनिवासी बाई, साठीच्या पुढची. तिच्या लोकांत मोठ्या बाईला आंटी म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. मार खाऊन बाहेर पडलेल्या आपल्या लोकांतल्या बायकांबरोबर तिने आयुष्यभर काम केलं होतं. स्लाइड बाजूला ठेवून ती बोलली.

"आमच्याकडची एक बाई शेल्टरला आली. तिला स्वच्छ, स्वतंत्र खोली दिली. सगळ्यांना अभिमान वाटला. ती बाई जन्मात एकटी झोपली नव्हती. सकाळी उठून ती मारणाऱ्या नवऱ्याकडे परत गेली, कारण तिथे निदान बहिणीची पोरं कुशीत होती. खोलीत काही वाईट नव्हतं. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं."

मरियम मॅडमनी यातून एकच शब्द टिपून घेतला, 'कम्युनिटी'. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी वैशालीसाठी कम्युनिटी बोलावली. ती म्हणजे भाऊ.

भाऊ आमच्या इथल्या मराठी मंडळातले ज्येष्ठ. कुणाचा व्हिसा अडला, कुणाचं कोणी गेलं, की पहिला फोन भाऊंना. कोकणातली निम्मी पोरं त्यांनीच इथे चिकटवलेली. त्यांत वैशालीचा नवराही होता. ही माहिती मॅडमना नव्हती आणि मला उशिरा कळली. पत्ता द्यायचा नाही म्हणून भेट आमच्या नईम भागातल्या ऑफिसात ठरली. भाऊ मिठाईचा बॉक्स घेऊन आले.

"गो बाय, माझ्या लेकीसारखी तू," त्यांनी सुरुवात केली. "तो पण माझो झील असल्यासारखोच. जरा तापट आसा. पण पगार घराक आणता, दारू पिणा नाय. आपल्या माणसांत मिटवूया. ह्या परक्यांच्या हाफिसात कित्याक?"

"भाऊ," मी म्हटलं, "तिचा हात मोडलाय."

"अहो म्याडम, ती स्वतःच सांगता, घसारलंय म्हणून! काय गो?"

वैशालीने मान खाली घालून हो म्हटलं. भाऊंनी माझ्याकडे केस जिंकलेल्या वकिलासारखं पाहिलं आणि सगळ्यांना बर्फी दिली. मॅडमनीही घेतली. शेल्टरवर परतल्यावर वैशाली एका हाताने बॅग भरू लागली. "भाऊंनी सांगल्यानी," एवढंच म्हणाली. मी तिला गुरुवारपर्यंत थांबण्याची विनंती केली. ती थांबली. पण बॅगेची चेन लावलेलीच राहिली.

ग्लेनिस आंटीला एअरपोर्टवर सोडायला मीच गेले. गाडीत मी नाव न घेता सगळं सांगितलं. ती खो खो हसली.

"भाऊ आमच्याकडेही आहेत. भरपूर. त्यांना बोलवा असं तिने सांगितलं होतं?"

"नाही. डायरेक्टरांनी ठरवलं."

"मग सेफ वाटलं ते डायरेक्टरांना. तिला नव्हे." तिने विचारलं, "तिच्या गावात माणसावर अन्याय झाला तर तो कुणाला सांगतो?"

"माहीत नाही."

"मी तर तुमच्या देशातलीही नाही. तिला विचार."

दुसऱ्या दिवशी मी काउन्सेलिंगच्या खोलीत गेलेच नाही. किचनमध्ये वैशाली डाव्या हाताने मटार सोलत होती. मी समोर बसून सोलायला घेतले आणि तोच प्रश्न विचारला. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. पुण्याच्या बाईला एवढंही माहीत नसावं, याचं तिला नवल वाटलं असावं.

"देवाक सांगतत. गाऱ्हाणा घालतत."

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, एवढं मला ठाऊक होतं. तिने बाकीचं सांगितलं. देवापुढे नारळ ठेवायचा, उभं राहायचं आणि मोठ्याने बोलायचं. काय झालं, काय चुकलं, काय हवंय. प्रत्येक वाक्याला मागे उभा असलेला गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!"

"बायका घालतात?"

"नाय. बापये घालतत. बायलमाणसां मागे उभी रवतत. हय मंडळाच्या गणपतीत भाऊच घालतत."

भाऊंचं नाव घेताच तिचा मटार सोलणारा हात थांबला. मी पुढची शेंग उचलली. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "देवान काय सांगल्यान नाय, बायलमाणसाचा आयकूचंय नाय म्हणान." मग मला म्हणाली, "नारळ मेळात?"

नारळ मिळाला. किचनमधलं टेबल बाजूला सरकवलं. भाऊंनाच काय, मॅडमनाही कळवायचं नाही, ही तिची अट. पण मागे माणसं हवीत, ही दुसरी अट. होती तेवढी जमवली. मी, पूर्वा आणि लिझा नावाची फिलिपिनो बाई. लिझा इथल्या घरांत कामाला होती आणि तीही मार खाऊनच आमच्याकडे आली होती. तिने विचारलं, मी काय म्हणायचं? मी अर्थ सांगितला, 'येस, सर.'

"ते मला येतं," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं तेच म्हणतेय."

वैशालीने पदर कमरेला खोचला, आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून सुरुवात केली. आवाज एकदम वेगळा, खडा.

"बा देवा म्हाराजा, ह्या परमुलखात तुझा लेकरू तुझ्या म्होरे उभा आसा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं. लिझाचा आवाज सगळ्यांत मोठा.

"माझो हात घसारान मोडलो नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हात पिळल्यान. पोरीच्या म्होरे पिळल्यान."

"व्हय म्हाराजा."

"फोन काढून घेतल्यान. दाराक भायरसून कुलूप घातल्यान."

तोवर आईकडे नुसतं बघणारी पूर्वा इथे "व्हय म्हाराजा" म्हणाली ती आमच्या आधी. अख्ख्या मुक्कामात मी तिच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं मराठी.

"आणि मी ता झाकलंय, म्हाराजा. डॉक्टराक खोटा सांगलंय, पोलिसांक खोटा सांगलंय. हयसून पुढे झाकूचंय नाय. आमका मायलेकींका सुखाचे दोन घास दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ती वळली, डोळे पुसले आणि नारळ फोडायला काय आहे ते शोधू लागली. काउन्सेलर म्हणून माझ्या लक्षात आलं ते एवढंच: इथे तिच्या तोंडाकडे कुणी पाहत नव्हतं, मध्येच प्रश्न विचारत नव्हतं, आणि प्रत्येक वाक्य खरं आहे असं सगळे मोठ्याने कबूल करत होते. आमच्या पुस्तकांत याला लांबलचक नावं आहेत.

पण देवापुढे बोलणं वेगळं आणि सरकारपुढे वेगळं. गुरुवारी अधिकारी आली. तरुण, घाईतली, अबाया घातलेली. वैशाली खुर्चीवर बसली आणि पुन्हा मुकी झाली. प्लास्टर कुरवाळत राहिली. मी तिच्या कानाशी वाकले. ती पुटपुटली, "उभी रवाक सांगा. आणि भितीकडे बघूक."

मी अधिकाऱ्याला इंग्रजीत विचारलं, क्लायंट उभी राहून, भिंतीकडे बघून बोलली तर चालेल का?

"का?"

"ती खरं बोलताना उभी राहते."

अधिकाऱ्याने खांदे उडवले. "यल्ला, चला. उभी राहू दे."

वैशाली उभी राहिली. या वेळी देवाचं नाव घेतलं नाही. एकेक वाक्य सांगायची आणि थांबायची. मी भाषांतर करायचे, अधिकारी लिहायची आणि मान न उचलता म्हणायची, "ऐवा." म्हणजे हो, पुढे. तिची कामाची सवय असणार. हात, फोन, कुलूप, आणि बाथरूमचं खोटं होतं हेही, सगळं आलं. शेवटी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "खलास. तिला बसायला सांग. आणि चहा दे."

प्रोटेक्शन ऑर्डर निघाली. भाऊंनी मॅडमना फोन करून नाराजी कळवली. मॅडमनी ती नम्रपणे ऐकली आणि यापुढे कम्युनिटीचं माझ्यावर सोपवलं. नवऱ्याच्या नावावरचा व्हिसा बदलायला बराच वेळ गेला. आता वैशाली जिदहफ्समधल्या एका केटरिंग किचनमध्ये शिफ्टमध्ये काम करते. मनगट थंडीत दुखतं. पूर्वाला बाबांची आठवण येते आणि ती तसं सांगते. दोन्हींवर आमच्याकडे उपाय नाही.

गोष्ट मॅडमपर्यंत पोचलीच. मग गाऱ्हाण्याचं ट्रेनिंग मॉड्यूल झालं. त्याची पायऱ्या-पायऱ्यांची स्लाइड तयार झाली. शेवटच्या पायरीवर नारळाचं चित्र होतं. वार्षिक कार्यक्रमात पाहुण्यांपुढे वैशालीने ते करून दाखवावं, असंही ठरलं. मी तिला फोन करून विचारलं.

"पाहुणे व्हय म्हाराजा म्हणतले?" तिने विचारलं.

"टाळ्या वाजवतील."

"मगे नको. शिफ्ट आसा म्हणान सांगा."

मी तसं सांगितलं.

नंतर साताऱ्याकडची एक बाई आली. मॅडमच्या आग्रहाखातर मी तिला नारळाबद्दल विचारलं. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "देव गावाला आहे, ताई. इथे वकील असेल तर तो दाखवा."

मी वकील दाखवला. तिचंही काम झालं. या धंद्यात मी एवढंच शिकले: एका बाईला बरं करणारी गोष्ट दुसरीवर चालवायला जाऊ नये, आणि पहिलीला तर ती पुन्हा करायला मुळीच सांगू नये.