रा मोडिएगाची कवळी

रा मोडिएगाने एकतीस वर्षं सरकारी हिरे निवडले. (आमच्याकडे मानाने पुरुषाला 'रा' म्हणतात, बाईला 'म्मा'.) मोठे एका वाडग्यात, बारके दुसऱ्यात. तिथला नियम असा, की हातून काही खाली पडलं तर वाकायचं नाही. दोन्ही हात वर करून गप्प उभं राहायचं. पडलेली वस्तू साहेबच उचलणार. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरी चमचा पडला की हा चुलीपाशी हात वर करून उभा! त्याची बायको म्मा गोईत्से कपाळावर हात मारून घ्यायची.

हिऱ्यांचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. "गाय दूध देते. खडा काय देतो?" असं म्हणायचा. त्याच्या अकरा गायी होत्या आणि पाणी दोन कोसांवर. त्या उन्हाळ्यात तीन गायी वाटेतच बसल्या, त्या उठल्याच नाहीत. हा माणूस आठवडाभर जेवला नाही.

अशात राजधानीचे साहेब बोअरवेल कुठे खणायची ते ठरवायला खोत्लावर, म्हणजे गावच्या बैठकीला, आले. बोअरवेल एकच, आमच्या वस्तीला नाहीतर कोरड्या नदीपलीकडच्यांना. आमच्याकडे साहेबाला खुर्ची मिळते, पण ऐकून घ्यावं लागतं. पलीकडच्यांचा माणूस तासभर बोलला. आमच्यातर्फे रा मोडिएगा उठला. पाठ केलेलं भाषण, नवी कवळी.

"साहेब..." म्हणाला, आणि आमच्या देशात सरकार कधी पडत नाही, पण कवळी पडली. थेट धुळीत.

याचे हात वर. तोंड बंद.

आमच्या लोकांना वाटलं, असंच ठरलंय. सगळी वस्ती हात वर करून उभी राहिली. मीही राहिलो, खोटं कशाला बोलू?

साहेब गडबडले. "हा निषेध आहे का?"

"कसला निषेध!" म्मा गोईत्से पुढे आली. "दात पडलेत त्याचे."

"मग उचला ना, म्मा!"

"मी उचलून काय उपयोग? सरकारी माणसाने उचलल्याशिवाय हा हात खाली घेणार नाही. तुमचीच शिकवण आहे. एकतीस वर्षांत एक खडा उचलला नाही याने स्वतःसाठी. वाका आता तुम्ही."

पलीकडची वस्ती पोट धरून हसत होती. साहेब खुर्चीवरून उठले, कोटासकट वाकले, कवळी उचलून रुमालाने पुसली आणि आमच्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी पुढे केली.

"बोला, रा," ते हळूच म्हणाले.

रा मोडिएगाने हात खाली घेतले, कवळी बसवली. पाठ केलेलं सगळं विसरला होता. त्याने खालच्या धुळीकडे बोट केलं.

"साहेब, याच मातीतून तुमच्यासाठी हिरे वर आले. आता आमच्या गायींसाठी पाणी वर येऊ द्या."

पलीकडच्यांचं हसू थांबलं. त्यांचा तो तासभर बोललेला म्हातारा उठला आणि म्हणाला, "आधी यांच्याकडे खणा."