मुलाखतीला येणाऱ्या बाई

तो तपास मी अजून विसरलेलो नाही. निवृत्तीपूर्वीची शेवटची वर्षं मी सोलापूरला गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावातला तरुण बेपत्ता झाला. त्याची मोटारसायकल मोडनिंबजवळ एका ढाब्यामागे सापडली. तो शेवटचा ज्याच्याबरोबर दिसला, त्या मित्राला आम्ही अटक केली. शेतीला पाणी उपसायची मोटार धरणात कुणी कुठं बसवायची यावरून दोघांची बाचाबाची झाल्याचं गावाला माहीत होतं. मित्राच्या शर्टावर रक्ताचे डाग मिळाले, पण मृतदेह मिळाला नाही.

कोठडीत त्याची कसून चौकशी केली. दरडावलं, समजावलं, घरच्यांची शपथ घातली. तो मान खाली घालून एकच सांगायचा, "मला ठावं न्हाय, साहेब." खोटं बोलणाऱ्या आरोपीच्या बोलण्यातून काहीतरी धागा मिळतो. गप्प राहणाऱ्याकडून काहीच हाती लागत नाही. पोलीस कोठडीची मुदत संपली आणि त्याची रवानगी कारागृहात झाली.

बेपत्ता मुलाची आई दर सोमवारी एसटीनं यायची आणि कचेरीबाहेरच्या बाकावर बसून राहायची. मी दिसलो की म्हणायची, "माझं लेकरू कुटं हाय, तेवढं तरी इचारा की त्याला." तो जिवंत असेल अशी तिला अजून आशा होती.

मग जामिनावर सुटून आलेल्या एका खबऱ्यानं बातमी आणली. "साहेब, तो आत कुणाशी बोलत न्हाय. पण एक ख्रिस्ती बाई येत्यात भेटायला, मुलाखतीला. त्यांच्यापुढं लई रडतो."

बाई सोलापुरातच भवानी पेठेत एकट्या राहत होत्या. रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, विधवा. स्त्री साक्षीदाराला ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून महिला अंमलदाराला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

"तो तुम्हाला काय सांगतो?" मी सरळ विचारलं.

"गुन्ह्याबद्दल काही नाही. मीही विचारत नाही."

"मग जाता कशाला?"

"ज्यांच्याकडे कुणी येत नाही त्यांच्याकडे जाते. तुरुंगातल्याला भेटणं म्हणजे प्रभूलाच भेटणं, अशी आमची श्रद्धा आहे, साहेब. तुरुंगाच्या अधीक्षकांची परवानगी आहे माझ्याकडे."

"आमच्यासाठी एवढं विचारा. प्रेत कुठं आहे?"

त्यांनी मान हलवली. "तुमचं काम मी करायला लागले, तर माझं जाणं खोटं ठरेल." मी आवाज चढवला, पण त्या बधल्या नाहीत. मी उठलो तेव्हा त्यांनीच विचारलं, "त्या मुलाला आई आहे?"

मी बाकाबद्दल सांगितलं. पुढच्या सोमवारी बाई स्वतःहून आल्या आणि म्हातारीशेजारी बसल्या. म्हातारीच बोलत होती. बाई तिचा हात धरून ऐकत होत्या.

त्यानंतर काही दिवसांनी कारागृहातून निरोप आला की आरोपीला तपास अधिकाऱ्यांना भेटायचं आहे. बाईंनी त्याला काहीही विचारलं नव्हतं, हे त्यानंच मला सांगितलं. "पोलीस माझ्या घरी येऊन गेले आणि मी त्या आईला भेटले," एवढंच त्या त्याला म्हणाल्या होत्या.

न्यायालयाच्या परवानगीनं आम्ही त्याला बाहेर काढलं. उन्हाळ्यामुळं धरणाचं पाणी मागं सरलं होतं. पंच आणि नायब तहसीलदारांसमोर त्यानं भेगाळलेल्या गाळात एका जागी बोट दाखवलं. "हितं." हाडं निघाली आणि मनगटातलं चांदीचं कडं निघालं. ते ओळखायला म्हातारीला बोलावलं. तिनं कडं हातात घेतलं. ती रडली नाही. "व्हय, त्याचंच हाय," म्हणाली. मग मला विचारलं, "आता सोमवारी मी कुटं जाऊ?"



आरोपीला जन्मठेप झाली. न्यायालयाच्या व्हरांड्यात त्याचा भाऊ बाईंवर धावून आला. "तुमी नसता तर सुटला असता त्यो!" आरोपीनंही त्यांना भेटायचं बंद केलं. त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या मध्यवर्ती कारागृहात हलवलं, तरी बाई एसटीनं जात राहिल्या. नाव पुकारलं जायचं, तो येत नसे, त्या परत फिरत. पुष्कळ दिवसांनी एकदा तो आला आणि पुढं येत राहिला.

माझ्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. "चर्चच्या मंडळीतल्या दोघांना विचारलं, त्यांना भीती वाटते. तुम्ही एकदा जाल का त्याच्याकडे?" मी ख्रिस्ती नाही आणि तसा भाविकही नाही. त्यांना नाही म्हणता आलं नाही, म्हणून हो म्हणालो. मी त्याच्याकडे जाईपर्यंत बाई वारल्या होत्या.

जाळीपलीकडं तो आला. केस पिकलेले, गाल बसलेले. मला पाहून थबकला.

"बाई गेल्या का?"

"हो."

तो खाली बसला. मीही अलीकडं बसलो. आयुष्यभर मी माणसांना प्रश्नच विचारत आलो होतो. गुन्हा उघडकीस आला की आम्ही त्या माणसाला विसरतो. तो मात्र वर्षानुवर्षं तिथंच असतो, आणि त्याचा दिवस कसा उगवतो, कसा मावळतो, हे नोकरीच्या इतक्या वर्षांत मला कधी जाणून घ्यावंसं वाटलं नव्हतं. त्या तपासानं मला शिकवलं ते एवढंच, आणि तेही फार उशिरा.

"साहेब," तो म्हणाला, "बाई दर बारीला बोलायच्याच असं न्हाय. कदी नुसत्या बसायच्या."

वेळ संपल्याची हाक येईपर्यंत मी तिथं बसून राहिलो.